झटका मशीन घेताना

बाबू, मोताळ्याकडं हरभरा पेरलास आणि शेत ज्ञानगंगा अभयारण्याला लागून, म्हणजे रानडुकरं अन् रोही येणारच. कुंपणाला झटका मशीन लाव, माझी ना नाही. पण मोटारीच्या स्टार्टरमधून थेट तार काढून कुंपणाला कधी जोडू नको. त्या २३० व्होल्टला डुक्कर काय, बिबट्या काय, पहाटे बांधावरून जाणारा शेजारी काय, सगळे सारखेच. असं कुंपण गुन्हा आहे, आणि गेलेला माणूस परत येत नाही.

मशीनचा झटकाही हजारो व्होल्टचा असतो, तरी जनावर सुटतं. कारण ठोका क्षणाचा, आणि दोन ठोक्यांमध्ये निदान एक सेकंद मोकळा. आयईसी ६०३३५-२-७६ या मानकात एका ठोक्याच्या ताकदीला ५ ज्यूलची मर्यादा आहे. आपल्याकडचं मानक आयएस ३०२, भाग २, विभाग ७६. दुकानात ‘लई जोराचा झटका’ ऐकून भुलू नको, मानकाचा क्रमांक दाखवा म्हण.

मशीन बॅटरीवर चालतं, आणि खरा घात त्या बॅटरीचा चार्जर करतो. हलक्या चार्जरमध्ये घरची लाईन आणि १२ व्होल्टची बाजू आतून नीट वेगळी केलेली नसते. बॅटरी मशीनला जोडलेली ठेवून तसला चार्जर लावलास, तर लाईन कुंपणापर्यंत पोचू शकते. म्हणून बॅटरी सोडव, घरी नेऊन चार्ज कर, मग परत जोड. मला विचारशील तर १२ व्होल्टचं सोलर पॅनलच घे, म्हणजे मशीनसाठी लाईन शेतात आणायचंच काम नाही.

शेतावर नजर ठेवायला कॅमेरा लावणार असशील, तर त्याचा अडॅप्टर घेशील तेव्हा त्यावर बीआयएसचं चिन्ह, आयएस क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ. तो क्रमांक मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाक. कंपनीचं नाव जुळलं नाही तर माल तिथंच ठेवून ये. उघड्यावर ठेवायचा असेल तर आयपी ६५ लिहिलेलं हवं. त्यात धूळ शिरत नाही, पाण्याचा फवाराही सोसतो, पण पाण्यात बुडवायचं नाही. वरून सावली कर, आपल्याकडचा मे महिना इलेक्ट्रॉनिक मालाला मानवत नाही.

मशीनचं अर्थिंग स्वतंत्र घे, बोअरच्या मोटारीच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर लांब. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगच्या सळईपाशी बादलीभर पाणी ओतत जा, नाहीतर मशीन टिकटिक करेल अन् डुक्कर खुशाल आत येईल.