मुक्या सोबत्याची संमति



गेल्या पावसाळ्यांत पारनेर तालुक्यांतील एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. त्याचा मोती नांवाचा कुत्रा गोचीडतापानें आजारी होता. खाणें सुटलें होतें, नाकांतून रक्त येत होतें. वडिलांनीं त्यास एका मोठ्या पशुरुग्णालयांत नेलें, तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, "या रोगाचा आमच्याकडे अभ्यास चालू आहे, तुमच्या कुत्र्याचें नांव त्यांत घालावें काय?" मुलगा म्हणाला, "सर, वडील सही करणार आहेत. मोतीचा बळी तर नाहीं ना जाणार?" त्यास मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें विस्तारानें देत आहें.

'प्रयोग' हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें प्रयोगशाळेंतील पिंजरा उभा राहतो. ही भीति अगदींच निराधार नाहीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळविलें, आणि पुढल्याच वर्षीं त्या औषधानें मधुमेही रोग्यांचे प्राण वांचूं लागले. परंतु ज्या कुत्र्यांच्या जिवावर हा शोध उभा राहिला, त्यांच्या वतीनें बोलणारा धनी कोणी नव्हता.

दवाखान्यांतील अभ्यास याहून निराळा. त्यांत निरोगी जनावरास रोगी करीत नाहींत. जें आपोआप आजारी पडलें आहे व ज्यास घर आहे, त्याच्यावर उपचार चालू असतां पद्धतशीर नोंदी ठेवितात, किंवा नव्या उपचाराची जुन्याशीं तुलना करितात. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. सातारा जिल्ह्यांत शिरवळ येथेंही आतां असें महाविद्यालय आहे. अशा संस्थांतील पदव्युत्तर विद्यार्थी आपले प्रबंध पुष्कळदां दवाखान्यांत येणाऱ्या जनावरांच्या अभ्यासावरच लिहितात.

कोणी म्हणेल, यास पुष्कळ कुत्रे कशास हवेत? एक कुत्रा बरा झाला, तो औषधानें की रोगच सौम्य होता म्हणून, हें एकावरून कळत नाहीं. म्हणून सारख्या रोगाचे अनेक कुत्रे घेऊन त्यांचे दोन गट पाडितात. कोणता कुत्रा कोणत्या गटांत जावयाचा, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरवितात; म्हणजे वैद्याची आवडनिवड मध्यें येत नाहीं.

अशा श्रमाचें फळ कधीं कधीं मनुष्यासही मिळतें. अमेरिकेंत हाडांच्या कर्करोगामुळें पाय कापावा लागलेल्या पाळीव कुत्र्यांस प्रतिकारशक्ति चेतविणारें एक औषध देण्यांत आलें. तें न मिळालेल्या कुत्र्यांपेक्षां हे अधिक काळ जगले, असें १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. तेंच औषध, मिफाम्युर्टाइड, २००९ सालीं युरोपांत त्याच रोगानें पीडलेल्या मुलांसाठीं मान्य झालें. अमेरिकेंतच २०१२ सालीं गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांचा आजन्म अभ्यास सुरू झाला. त्यांत ३,००० हून अधिक कुत्रे नोंदविले गेले, आणि ते सर्व आपापल्या घरींच राहिले.

तथापि हित मोठें म्हणून सही डोळे मिटून करावयाची नाहीं. आपल्या देशांत १९६० च्या कायद्यानें प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली, व १९९८ च्या नियमांनीं संस्थांतील नीतिसमित्यांवर जबाबदारी टाकली. तरी प्रत्येक मोतीचा खरा पहारेकरी त्याचा धनीच. त्यानें चार प्रश्न विचारावे. नेहमींचा उपचार मिळेल ना? अभ्यासासाठीं म्हणून अधिक काय करणार, आणि त्यानें वेदना किती? अपाय झाल्यास उपचार व खर्च कोणाचा? मध्येंच नांव काढून घेतलें तर उपचार थांबणार नाहीं ना? उत्तरें समजेल अशा मराठींत मिळालीं नाहींत, तर सही करूं नये. केवळ औषध फुकट मिळतें म्हणून तर मुळींच करूं नये.

मोतीच्या वडिलांनीं हे चारही प्रश्न विचारले. नेहमींचाच उपचार करून रक्ताचे दोन नमुने अधिक घ्यावयाचे होते, इतकेंच. त्यांनीं सही केली. महिन्याभरानें मुलगा आनंदानें सांगूं लागला, "सर, अभ्यासामुळें मोती बरा झाला!" मीं म्हटलें, "बाळ, मोती नेहमींच्या औषधानेंच बरा झाला असावा. त्याच्या रक्तापासून जें कळेल, त्याचा लाभ उद्यां दुसऱ्या कोणाच्या कुत्र्यास होईल." तो क्षणभर विचारांत पडला व म्हणाला, "मग मोतीनें दान केलें म्हणावयाचें."

दान खरें, पण तें मोतीनें केलें नाहीं, त्याच्या वतीनें दुसऱ्यानें केलें. महाभारतांत युधिष्ठिरानें आपल्यामागें विश्वासानें आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें. विद्येची कांस धरणाऱ्यानेंही ही गोष्ट विसरूं नये. ज्याला बोलतां येत नाहीं, त्याच्यासाठीं सही करणारा हात अधिक सावध असला पाहिजे.