गाडीचा फ्यूज उडाला तर?

माल पोहोचवण्यासाठी आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधूंनी स्वतःची व्हॅन किंवा छोटा टेम्पो ठेवला आहे. रस्त्यात अचानक दिवे जातात, वायपर थांबतो, हॉर्न मुका होतो. अशा वेळी पुष्कळदा दोष एका फ्यूजचा असतो. वस्तू थोड्या रुपयांची, काम पाच मिनिटांचे. पण हेच काम गफलतीने केले तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे.

2009 साली आमच्या व्हॅनचे मागचे दिवे वारंवार जात होते. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तोच परत बसवला. दिवे लागले, आम्ही खूश! मालेगावहून भिवंडीकडे येताना कसारा घाटात जळक्या रबराचा वास आला. मागे कोऱ्या कापडाचे चाळीस तागे भरलेले. ड्रायव्हरने दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची तार सोडवली म्हणून बचावलो, तरी तीन तागे धुराने वाया गेले. नंतर पाहिले तर मागच्या दिव्याची तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. फ्यूज तेच सांगत होता, आम्ही त्याचे तोंड बंद केले.

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी आहे असा अनेकांचा समज असतो. तो खरे तर तारेच्या रक्षणासाठी असतो. हिशेब सोपा आहे. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. समोरचे 55 वॅटचे दोन बल्ब मिळून 110 वॅट, म्हणजे सुमारे 9 अँपिअर करंट झाला. तेवढा भार तार सहज सोसते. पण तार उघडी पडून बॉडीला टेकली, तर करंट कितीतरी पटीने वाढतो. तेव्हा फ्यूजमधली बारीक पट्टी आधी वितळते आणि करंट तुटतो. तिथे चांदी गुंडाळली किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घातला, की वितळण्याची पाळी तारेवर येते. लूमच्या कारखान्यात कटआऊटला जाड तार बांधण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिचाच हा गाडीतला भाऊ.

फ्यूजचा डबा बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ असतो, दुसरा बॉनेटखाली. कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. आधी किल्ली काढावी, दिव्यांची बटणे बंद करावीत. डब्यात प्लास्टिकचा छोटा चिमटा असेल तर त्याने फ्यूज सरळ वर ओढावा. लोखंडी पक्कड वापरू नये. फ्यूज उजेडासमोर धरला की आतली पट्टी दिसते. ती तुटलेली किंवा आतून काळवंडलेली असेल तर फ्यूज गेला.

पट्टीतली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी टेस्ट लॅम्प ठेवावा. फ्यूज जागेवर ठेवून किल्ली चालू करावी, बंद पडलेल्या वस्तूचे बटणही दाबावे. लॅम्पची क्लिप बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावून टोक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांना आळीपाळीने टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक, एकाच बाजूला लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, दोष मागे आहे.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच आकड्याचा हवा. नेहमीच्या पातीच्या फ्यूजमध्ये 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पांढरा किंवा पारदर्शक, 30 हिरवा. रंगावर विसंबू नये, माथ्यावरचा आकडा वाचावा. रात्री स्पेअर नसेल तर टेपचा किंवा सिगारेट लायटरचा त्याच आकड्याचा फ्यूज काढून दिव्याला लावता येतो. ब्रेक, एअरबॅग यांच्या फ्यूजला मात्र हात लावू नये. बॅटरीजवळचे नटाने आवळलेले मोठे फ्यूजही कारागिरावर सोडावेत.

नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालून पाहण्यात अर्थ नाही. ती लाईन बंद ठेवून कारण शोधावे. होल्डरमध्ये पाणी शिरलेले असते, लायटरच्या भोकात नाणे पडलेले असते, किंवा नंतर जोडलेला हॉर्न अथवा पंखा जुन्याच लाईनवर टाकलेला असतो. माल भरणाऱ्या गाडीत आम्ही आधी मागची बाजू पाहतो, कारण गाठोडी ओढताना तारा दबतात.

मिस्त्रीला दोष देणे सोपे आहे. पण आपण त्याच्यापुढे दहा रुपये ठेवून "लवकर कर" म्हणतो, तेव्हा तो चांदीच गुंडाळणार. हल्ली आम्ही ऑटो इलेक्ट्रिशियनला आधीच सांगतो की एक-दोन तास लागले तरी चालतील, तार कुठे घासते ते दाखव, मजुरी वेळेप्रमाणे घे. स्पेअर फ्यूज ओळखीच्या दुकानातून घेतो. हलक्या मालात आकडा छापलेला एक आणि पट्टी भलतीच, असेही निघते. दोन लाल, दोन निळे, दोन पिवळे आणि टेस्ट लॅम्प एका डबीत घालून ती आम्ही बिलबुकाशेजारी ठेवतो.