जवळच्या फेकीची चकती

शाळेच्या क्रीडामहोत्सवातील थाळीफेक सर्वांच्या परिचयाची आहे. तीत थाळी किती दूर गेली एवढाच प्रश्न असतो. डिस्क गोल्फ या खेळात मात्र प्लास्टिकची हलकी चकती शक्य तितक्या कमी फेकींत साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकावयाची असते. या खेळाचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तयार झाले.

छत्तीसगढमधील भिलाईच्या पोलाद कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. त्याच्या निम्म्याहून थोड्या कमी अंतरावर, म्हणजे ६० मीटरांवर, टोपली आहे आणि समोरून वारा वाहत आहे, असे समजू. अशा वेळी कोणती चकती निवडावी?

चकती का वळते?

हवेतून जाणाऱ्या चकतीला हवा वर उचलते. हे बल ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते, त्यास दाबमध्य म्हणतात. चकती वेगात असताना तो गुरुत्वमध्याच्या मागे असतो व वेग मंदावल्यावर पुढे सरकतो. चकती फिरत नसती, तर तिची पुढील कड प्रथम खाली व नंतर वर गेली असती. परंतु फिरणारी वस्तू भोवऱ्याप्रमाणे अशा बलाला काटकोनात प्रतिसाद देते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून ती प्रथम उजवीकडे व शेवटी डावीकडे कलते. जिच्यात पहिला कल नगण्य व दुसरा प्रबळ असतो, ती अतिस्थिर चकती होय.

निवड कशी करावी?

अनेक उत्पादक चकतीचे वर्णन चार अंकांनी करतात : गती, तरंगणे, आरंभीचे वळण व अखेरचे वळण. जवळच्या फेकीसाठी ४, ३, ०, ३ अशा अंकांची चकती अतिस्थिर समजावी. समोरच्या वाऱ्यात हवेच्या तुलनेत चकतीचा वेग वाढतो व साधी चकती उजवीकडे उलटते. अतिस्थिर चकती आपला मार्ग सोडत नाही. पाठीमागून वारा असल्यास मात्र ती लवकर खाली येते. मुरमाच्या टणक जमिनीवर तिची कललेली कड आपटून ती डावीकडे घसरत जाते. तेथे फेक किंचित उंच व संथ असावी. वापराने कड झिजली की अतिस्थिरता कमी होते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रयोग

एक साधी व एक अतिस्थिर चकती घेऊन एकाच खुणेवरून प्रत्येकी दहा वेळा फेकावी. प्रत्येक चकती कोठे टेकली व कोठे थांबली याची खूण करून अंतरे फितीने मोजावी. सर्वांत दूर गेलेली नव्हे, तर जिच्या खुणा एकमेकींच्या सर्वांत जवळ पडतील, तीच चकती टोपलीजवळच्या फेकीस योग्य होय.