बेबाकीनंतरची पत

जुने कर्ज तडजोडीने मिटले, वसुलीवाल्यांचे फेरे थांबले, की आपला व्यापारी सुटकेचा निःश्वास टाकतो. मग वर्ष-दोन वर्षांनी नव्या मागासाठी किंवा दुकानात माल भरण्यासाठी बँकेत जातो, तर मॅनेजर संगणकाकडे पाहून मान हलवतो. पैसे तर चुकते केले, मग अडते कुठे? मालेगाव-भिवंडीकडच्या कारखानदारांना हा प्रश्न हमखास पडतो, म्हणून आज त्याचा विचार करू.

समजा, चार लाख थकले होते आणि बँकेने अडीच लाखांवर तडजोड केली. उरलेले दीड लाख बँकेने सोडले, पण विसरली नाही. पत अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' असा शेरा पडतो, आणि पुढची बँक त्याचा अर्थ 'याने पूर्ण पैसे दिलेले नाहीत' असाच लावते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमांनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, किमान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही. तेव्हा त्या वर्षात अर्जांची घाई नको. पुढे हाती पैसा आला तर सोडलेली रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करून मिळेल काय, हे त्याच बँकेला विचारावे. मात्र पैसे भरण्याआधी होकार लेखी घ्यावा. तोंडी शब्दावर विसंबू नये. साहेबाची बदली झाली की शब्दही बदलतो.

बेबाकीचा दाखला, दिलेले कोरे चेक आणि तारणाची कागदपत्रे परत घेतल्याशिवाय व्यवहार संपला असे समजू नये. त्यानंतर आपला अहवाल मागवावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. ज्याला आपण जामीन राहिलो त्याची थकबाकीही आपल्या अहवालात दिसू शकते, आणि ही गोष्ट बहुतेकांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. 'पैसे द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या दलालांना मात्र दारातूनच परत पाठवावे. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही.

आता नवे खाते. बँकेत लहानशी मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळते. जुना शेरा असला तरी बँक ते देण्यास सहसा तयार असते. त्यावर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी खर्च करावा, म्हणजे दुकानाचे वीजबिल, फोनबिल एवढाच, आणि बिल तारखेआधी पूर्ण भरावे. पूर्ण भरल्यास खरेदीवर व्याज लागत नाही. 'किमान रक्कम' भरली की व्याज सुरू होते, आणि कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासूनच. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाचे काय करायचे, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला. वेळेवर फेडल्यास पुढची मोठी रक्कम मिळते. एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस गरजेने व्याकूळ झाला आहे असे दिसते.

बँकेच्या कागदावर न येणारी आणखी एक पत असते, ती बाजारातली. सूत देणारा किंवा चामडे देणारा व्यापारी संगणक पाहत नाही, तो मागच्या ईदच्या हंगामात पैसे केव्हा आले ते आठवतो. त्याचे जुने देणे राहिले असेल तर बँकेच्या आधी त्याच्याकडे जावे. मग थोडा माल रोखीने घ्यावा, पुढची खेप आठ दिवसांच्या उधारीवर घ्यावी आणि सहाव्या दिवशी पैसे पोचते करावेत. हे पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत व पावती घ्यावी. तीच खात्याची उलाढाल आणि जीएसटीची विवरणपत्रे पुढे कर्जाच्या अर्जाला जोडता येतात. रोखीत केलेला चोख व्यवहार बँकेला दिसतच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बँकांना पत कंपन्यांकडे दर पंधरवड्याला माहिती पाठवणे बंधनकारक झाले. त्यामुळे हप्ता भरल्याची नोंद पूर्वीपेक्षा लवकर दिसते, आणि चुकल्याचीही.