हिरवा धुमारा

आंजर्ले,
२२ मे

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. शिमग्याला आला होतास तेव्हा मागच्या दारची बुटकी तगर तुला कुंडीसकट दिली होती. दोन महिन्यांत तिच्या मधोमध हा हिरवागार धुमारा वीतभर वर गेला आहे आणि पांढऱ्या कडांची पानं त्याच्या पायाशी अंग चोरून बसली आहेत. खाली तू विचारलंस, "आत्या, हिचा रंग उतरला. ही टाकून हे आणू का?" सोबत त्या जपानी झुडपाचं चित्र.

टाकू नकोस. आणि ते जपानी झुडूपही आणू नकोस.

आधी त्याचं सांगते. त्याला युओनिमस म्हणतात. बोटाच्या पेराएवढी पानं, पांढरी कड, बारा महिने हिरवं आणि गुडघ्याच्या वर न जाणारं. मूळचं जपान-कोरियाकडचं. विलायतेत वाफ्यांच्या कडेने आणि कुंड्यांतून ते सर्रास लावतात. तिकडची थंड हवा त्याला मानवते. डोंबिवलीच्या घामट मे महिन्यात त्यावर भुरी येईल आणि पावसात मुळं कुजतील. जागा बघून झाड आणावं, चित्र बघून आणू नये. तुला हवं ते सगळं, म्हणजे बुटकेपणा, सदाहरितपणा आणि कबरी पानं, या तगरीत आहे. वर चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं फूलही आहे. साध्या तगरीइतकी फुलं ती देत नाही, हे कबूल. शंकराच्या पूजेला परडीभर हवी असतील तर साधी तगर वेगळी लाव.

आता रंगाचं. मी शाळेत एकतीस वर्षं शास्त्र शिकवलं, तेव्हा दोन परिच्छेद सोस. पानाची कड पांढरी असते, कारण तिथे हरितद्रव्य नसतं. हरितद्रव्य नाही म्हणजे त्या भागात अन्न तयार होत नाही. ती कड मधल्या हिरव्या भागाच्या जिवावर जगते. पानावरचा प्रत्येक डाग मात्र असा निरुपद्रवी नसतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात, त्याला आपण केवडा म्हणतो; तो विषाणूचा रोग. तगरीचं तसं नाही. फांदीच्या टोकाला, जिथून नवी पानं निघतात, तिथे पेशींचे थर कांद्यासारखे एकावर एक असतात. पांढऱ्या कडेच्या बहुतेक झाडांत त्यातला बाहेरच्या बाजूचा एक थर बिनहिरवा असतो आणि आतला हिरवा. पानाची कड बाहेरच्या थरातून घडते, मधला भाग आतल्या थरातून. जर्मनीत एर्विन बाउर यांनी १९०९ साली पांढऱ्या कडेच्या पेलार्गोनियमवरून हे उलगडून दाखवलं. एका देहात दोन जातीच्या पेशी नांदणाऱ्या अशा झाडाला शास्त्रज्ञ कायमेरा म्हणतात. ग्रीक पुराणातला तो सिंह, बोकड आणि साप एकत्र असलेला प्राणी. मी वर्गात मुलांना नरसिंह म्हणून सांगायचे, पटकन समजायचं.

या नरसिंहातला एखादा डोळा कधी नुसत्या आतल्या थरातून फुटतो. मग त्याला पांढरी कड येतच नाही, पूर्ण हिरवी फांदी निघते. तिच्या प्रत्येक पानात अख्खं हरितद्रव्य, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा दुप्पट खाते आणि दुप्पट वाढते. बुटकेपणाही पुष्कळदा तिथेच सुटतो. तुझ्या कुंडीत हेच झालंय. झाड आजारी नाही, उलट त्याला जोर आला आहे. पण हा जोर असाच चालू दिलास तर वर्षभरात तुझ्याकडे साधी हिरवी तगर उरेल.

हे मला पुस्तकातून कळलेलं होतं. तरी मी चुकले, ते कसं ते सांगते.

विहिरीच्या कठड्यालगत काकांनी लावलेली मूळची कबरी तगर तू लहानपणी पाहिली आहेस. तिच्यावर पोफळींची सावली असायची. सकाळचं ऊन तिरपं येऊन जायचं, दुपारचं कधी लागलंच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडावरूनही त्याचा हात फिरला. आपल्या आगरात त्या दुपारी माड आणि पोफळी आडव्या झाल्या. एक पोफळ तगरीवर पडली आणि ती बुंध्यापासून हातभर उंचीवर मोडली. वर सावली उरली नाही. झावळ्या ओढून काढेपर्यंत पंधरवडा गेला आणि ज्या चार फांद्या वाचल्या होत्या त्यांची पांढरी कड उघडिपीच्या उन्हात करपून तपकिरी झाली.

पावसात मोडलेल्या बुंध्याला फूट आली. सगळी हिरवी. जखमेच्या जागी आतून डोळे फुटतात, ते हिरवेच असणार हे मला ठाऊक होतं. पण त्या वर्षी आगरात जे काही हिरवं फुटत होतं त्याला कात्री लावायला हात धजेना. काका म्हणाले, "काप." मी म्हटलं, "जगू दे बिचारीला." दोन वर्षांनी बघितलं तर डोक्याएवढी हिरवी तगर उभी होती आणि आत, पार बुडाशी, कबऱ्या पानांची एकच फांदी राहिली होती. तिलाही ऊन मिळत नव्हतं. त्या एका फांदीवर गुटी बांधली. तिचं जे झाड झालं ते तुझ्या बाल्कनीत आहे. म्हणून म्हणते, टाकू नकोस.

आता काय करायचं ते क्रमाने सांगते.

हिरवा धुमारा जिथून निघाला आहे तिथपर्यंत बोट ने आणि अगदी सांध्यापाशी काप. नुसता शेंडा खुडलास तर एकाचे दोन होतील, दोन्ही हिरवे. मातीखालून आला असेल तर माती बाजूला सारून मुळापाशी काप. तगरीला पांढरा चीक असतो. कापल्यावर हात साबणाने धू, डोळ्याला लावू नकोस आणि छकुलीला जवळ येऊ देऊ नकोस. पुसटशी हिरवी फूट दर पंधरा दिवसांनी शोधायची. कोवळी असताना नखाने निघते, मागाहून कात्री लागते.

याच्या उलट कधी एखादी फांदी पूर्ण पांढरी निघेल. फार देखणी दिसते. तिचा मोह धरू नकोस. ती स्वतः कमवत नाही आणि उन्हाच्या पहिल्या चटक्याला करपते. झाड लहान असेतो तीही काढ.

धुमारा गेला की पानं निम्मी होतील, म्हणजे पाणीही निम्मं लागेल. इथे पुष्कळांचं झाड जातं. बोटाचं दुसरं पेर बुडेपर्यंत माती चाचपून बघ. कोरडी असेल तरच पाणी घाल, आणि घालशील तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत घाल. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेव. मुळांसाठीही आणि डासांसाठीही.

ऊन सकाळचं हवं. तुझी बाल्कनी पश्चिमेची, म्हणून करपण्याची भीती. कुंडी भिंतीला टेकवून ठेव किंवा निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांध. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मात्र नेऊ नकोस. फार अंधारात पांढरेपणा फिका होतो आणि फांद्या लांबट, विरळ होतात.

कुंडी एकदम मोठी घेऊ नकोस. आता सहा इंची आहे, पुढची आठ इंची. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहून आंबते. दोन वाटे लाल माती, एक वाटा नदीची जाड वाळू आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत. भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेव. पुढच्या वेळी आलास की इथल्या पुळणीवरची रेती न्यायचं मनात आणू नकोस, तिच्यात मीठ असतं. सोडणाचा भुसा इथला चालेल, पण तो दोनदा गोड्या पाण्यातून काढून घे. मी स्वतः खाऱ्या वाऱ्याचे दिवस संपले की गडग्याआडच्या कुंड्या गोड्या पाण्याने पानांसकट धुते. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेव्हा पानांची टोकं जळतात. तुला नळाचं पाणी आहे, एवढी तरी चैन.

युरिया देऊ नकोस. नत्र जास्त झालं की झाड हिरवं आणि लांबट धावतं, म्हणजे आपण नको म्हणतो तेच. पाऊस सुरू होताना मूठभर शेणखत आणि दिवाळीनंतर मूठभर, एवढं या झाडाला पुष्कळ.

किडीचं दोन ओळीत. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग दिसली की आधी तिथेच बघ. ओल्या फडक्याने पुसून काढ आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवार. दुसरा पाहुणा म्हणजे बोटाएवढी जाड हिरवी अळी. तिच्या डोक्यामागे दोन निळे डोळे आणि शेपटाला शिंग असतं. घाबरू नकोस, ते डोळे नुसते ठिपके आहेत. कण्हेर आणि तगर खाणारी ही अळी पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग होते. आमच्याकडे मी तिला उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडते. तुझ्याकडे कुंपण नाही, सोसायटीच्या बागेतली कण्हेर शोध.

सूनबाईने फोनवर विचारलं होतं, तगरीच्या मुळाचा काढा झोपेला चांगला असतो ना? तिला माझं नाव घेऊन बजाव. काष्ठौषधीच्या दुकानात जी तगर मिळते ती हिमालयातल्या वेगळ्याच वनस्पतीची मुळी आहे. नाव एक, झाड दुसरं. आपली ही तगर चिकाची आहे, पोटात घ्यायची नाही.

एक शेवटचं काम. एका झाडावर भिस्त ठेवू नकोस, मी ठेवली होती. बी लावून ही कड मिळत नाही. फांदीपासूनच रोप करावं लागतं. झाड सावरलं की ज्या फांदीच्या प्रत्येक पानात हिरवं आणि पांढरं बेताचं आहे अशी पेन्सिलीएवढी फांदी निवड. तिची इंचभर साल गोल काढ, चीक पुस, ओलं मॉस बांध आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळ. पावसाळी हवेत दीड-दोन महिन्यांत पट्टीतून पांढरी मुळं दिसतील. मग खालून काप आणि लाव. ते रोप स्वतःकडे ठेवू नकोस, शेजारी दे. तुझ्याकडचं गेलं तर मागायला जागा राहते.

इथे आगोटीची घाई आहे. शाकारणी आणि सरपण झालं, आमसुलं अजून वाळायची आहेत. वादळात गेलेल्या माडांच्या जागी लावलेली रोपं आता पुरुषभर झाली, त्यांची सावली विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचू लागली आहे. कड्यावरच्या गणपतीला पाऊस लागायच्या आत जाऊन येईन म्हणते. गुडघे काय म्हणतात बघू. विहिरीजवळची ती हिरवी झालेली तगर अजून आहे. फुलं भरपूर देते, देवाला रोज पुरतात, म्हणून तिच्यावर माझा राग नाही. पण जे राखायचं होतं ते तिथे राखलं गेलं नाही.

मृग लागायला पंधरा दिवस आहेत. आज रविवार नसला तरी दहा मिनिटं काढ. हिरवा धुमारा सांध्यापासून काप, आणि मग दुसरा फोटो पाठव.

तुझी,
आत्या