प्रश्नसंग्रह कसा सोडवावा?

डॉक्टर व्हायचे म्हटले की जीवशास्त्र आवडीने वाचणाऱ्यांनाही भौतिकशास्त्राची धास्ती वाटते. मग जाडजूड प्रश्नसंग्रह आणले जातात. कोपरीत आमच्या शेजारी राहणारी बारावीची एक विद्यार्थिनी असेच दोन संग्रह घेऊन माझ्याकडे आली. खाडीपलीकडे कळव्याला ठाणे महानगरपालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे शिकावे ही तिची इच्छा. ती म्हणाली, "सर, दोन्ही पुस्तके संपवली, तरी सराव चाचणीत गुण वाढत नाहीत."

संग्रहातल्याच एका प्रश्नाला मी आपल्या गावचा वेष दिला. "एक गाडी ठाण्याहून कल्याणला ताशी ६० किलोमीटर चालीने गेली व त्याच मार्गाने ताशी ३० किलोमीटर चालीने परत आली. सरासरी चाल किती?"

"ताशी ४० किलोमीटर," ती तत्काळ उत्तरली. "सूत्र आहे, सर. दोन चालींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज."

"शाबास! आता गाडी निम्मा वेळ ६० च्या व निम्मा वेळ ३० च्या चालीने धावली तर?"

तिने तेच सूत्र वापरले आणि उत्तर चुकले. तिला सूत्र पाठ होते, पण ते कोठून आले हे ठाऊक नव्हते.

सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. ठाणे-कल्याण अंतर सोयीसाठी २० किलोमीटर धरू. जाताना २० मिनिटे लागली, येताना ४०. म्हणजे ४० किलोमीटर अंतर एका तासात कापले गेले. मंद चालीने गाडी दुप्पट वेळ धावली, म्हणून सरासरी ३० कडे झुकली. वेळा समान असतील, तर अर्ध्या तासात ३० व पुढच्या अर्ध्या तासात १५, असे ४५ किलोमीटर होतात. म्हणून तेथे सरासरी ४५!

हाच प्रश्न आणखी उलटसुलट करून पाहू. संपूर्ण प्रवासातील सरासरी वेग किती? शून्य, कारण गाडी निघाली तेथेच परतली, तेव्हा विस्थापन शून्य. जाताना चाल ६० असेल, तर सरासरी १२० होण्यासाठी परतताना किती चाल हवी? ४० किलोमीटर २० मिनिटांत कापावे लागतील, पण ती २० मिनिटे तर जातानाच संपली! म्हणजे हे अशक्य आहे. पाहा, एका प्रश्नातून चार प्रश्न निघाले आणि सूत्र मात्र एकही पाठ करावे लागले नाही.

म्हणून प्रश्नसंग्रह वापरताना पुढील पथ्ये पाळावीत.

१. आधी पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचून त्यातील सूत्रे स्वतः सिद्ध करावीत.

२. उत्तरांची पाने झाकून ठेवावीत. दहा मिनिटे झटल्याशिवाय उत्तर पाहू नये.

३. उत्तर आल्यावर एकके तपासावीत. ६० व ३० यांची सरासरी ७० आली, तर काहीतरी चुकले हे गणिताआधीच कळायला हवे.

४. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी. संकल्पना चुकली, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही, हे प्रत्येकापुढे लिहावे. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा.

५. घड्याळ लावून सराव करावा, पण तो शेवटी. समजण्याआधी वेग वाढवला, तर चुकाच वेगाने होतात.

२०२५ सालच्या 'नीट' परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईने चुकवला, तर चार मिळायचे राहतात आणि वर एक जातो. फरक पाच गुणांचा!

त्या विद्यार्थिनीने तिसरा संग्रह विकत घ्यायचा बेत सोडला आणि शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर तिने हाच गाडीचा प्रश्न लिहिला.

आता तुमची पाळी. गाडी जाताना ताशी ४० किलोमीटर चालीने गेली. संपूर्ण प्रवासाची सरासरी ६० व्हावी, तर परतताना चाल किती हवी? "८०" असे चटकन म्हणू नका. कागद घ्या, अंतर व वेळ मांडा, आणि उत्तर स्वतःच पडताळून पाहा.