अशक्त करडूं कसें जगवावें

शेळीस गरिबाची गाय म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गाईच्या वासराची आपण जेवढी काळजी वाहतों तिच्या निम्मीहि करडाच्या वांट्यास येत नाहीं. आपल्याकडील उस्मानाबादी शेळी पुष्कळदां जुळीं देते. त्यांपैकीं एक लहानखोर निघतें, दुसऱ्याच्या धक्क्यानें आंचळापासून दूर राहतें आणि आठ-पंधरा दिवसांत मरून जातें. "एक गेलें, एक राहिलें" असें म्हणून आपण मोकळे होतों. अशीं सारींच करडें वांचतील असें नव्हे. परंतु त्यांतलीं कांहीं रोगानें न मरतां आपल्या अज्ञानानें मरतात, हें आम्हांस स्वानुभवानें कळून आलें आहे. तो अनुभव शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपली चूक सांगणें बरें. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका रात्रीं आमच्या घरच्या शेळीचें एक करडूं भिजून गारठलें. दया येऊन आम्हीं दूध कोमट केलें, करडाचें तोंड उघडलें आणि वाटीनें आंत ओतलें. अर्ध्या तासांत तें गेलें. दुसरे दिवशीं पशुवैद्यांनीं उलगडा केला, तो असा : गारठलेल्या करडास नीट गिळतां येत नाहीं, दूध पोटाऐवजीं फुप्फुसांत शिरतें. पोटांत गेलें तरी गार आंतडीं तें पचवीत नाहींत. आम्हीं उपाय केला भुकेवर, आणि करडूं मरत होतें थंडीनें.

पुढें गेल्या वर्षीं पौषांत आमच्या रानांत खतासाठीं धनगरांचा वाडा बसला होता. वाडा हलतांना एका म्हातारीनें पदराखालून एक करडूं काढून आमच्या ओटीवर ठेविलें. ती म्हणाली, "भाऊसाहेब, याची आई मेली. दुसरी शेळी याला पाजीना. आमच्या पायाबरोबर याचा निभाव लागायचा न्हाई. तुमच्या दारात जगलं तर जगलं."

करडूं मादी, वय सुमारें तीन आठवडे, वजन १ किलो ९०० ग्रॅम. वास्तविक या जातीचें करडूं जन्मतांच दोन-अडीच किलो भरावयाचें. मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडली तर तशीच उभी राही. अंगांतलें पाणी आटल्याचें हें लक्षण होय.

पहिली गोष्ट ऊब. तापमापक गुदद्वारांत धरून पाहिला, तो ९८ अंश फॅरनहाइट दाखवी. करडाच्या अंगीं १०२ ते १०३ अंश उष्णता असावी लागते. ती १०० च्या खालीं गेली असतां तोंडांत दुधाचा थेंबहि घालूं नये, हा मुख्य नियम. यांत आणखी एक बारकावा आहे. उपाशी करडाच्या रक्तांतील साखर संपत आलेली असते. त्यास एकदम शेकलें तर झटके येऊन तें मरूं शकतें. म्हणून आम्हीं आधीं पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं पोटांत कोमट ग्लुकोज टोंचलें, आणि मगच शेक सुरू केला. कोरड्या पोत्यानें अंग चोळलें, टोपलींत भुसकट घालून त्यांत तें ठेविलें आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून दोहों बाजूंस लावल्या. चुलीच्या तोंडाशीं ठेवूं नये, कातडें भाजतें. दोन तासांनीं उष्णता १०१ वर आली, आणि तोंडांत स्वच्छ बोट घालतांच करडूं तें चोखूं लागलें. बोट चोखणें हीच खाण्याची परवानगी समजावी.

दुसरी गोष्ट पाणी. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें कोमट करावें आणि थोडें थोडें पाजावें. हें पाणी दुधांत मिसळूं नये. दोहोंमध्यें दोन तासांचें अंतर असावें.

तिसरी गोष्ट दूध. शेळीचें मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास गाईचें चालतें. मात्र पाणी घालून पातळ करूं नये. तशा दुधानें पोट भरतें, अंग भरत नाहीं. दिवसाचें दूध वजनाच्या दहावा ते सातवा हिस्सा असावें, म्हणजे या करडास १९० ते २७० मिलिलिटर. तें सहा वेळां वांटून, अंगाइतकें उष्ण, बुचाच्या बाटलीनें द्यावें. करडूं उभें असावें व मान किंचित् वर असावी. यास कारण आहे. करडाच्या चार कोठ्यांपैकीं दूध पचविणारी कोठी शेवटची. चोखतांना अन्ननलिकेच्या टोंकाशीं एक पन्हळ तयार होते व तींतून दूध थेट त्या कोठींत उतरतें. ओतून घातलेलें दूध पहिल्या कोठींत पडून आंबूं शकतें.

चौथी गोष्ट नोंद. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून वहीचा सोस आम्हांस आहेच. परंतु येथें ती खरोखर कामास आली. रोज सकाळीं दुधापूर्वीं करडास फडक्याच्या झोळींत घालून ताणकाट्यावर तोलावें. तिसऱ्या दिवशीं वजन १ किलो ८५० झालें. धीर सोडला नाहीं. सातव्या दिवशीं २ किलो झालें. नवव्या दिवशीं पुन्हां घटलें. चौकशी करतां नातवानें लाडानें दुपारीं आणखी एक बाटली पाजल्याचें कळलें, आणि हगवण लागलेली दिसली. एक वेळचें दूध बंद करून मीठ-साखरेचें पाणी दिलें, तेव्हां ती थांबली. डोळ्यांस करडूं रोज सारखेंच दिसतें. तफावत काटाच दाखवितो.

हगवणींत रक्त दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. तीन आठवड्यांपुढच्या करडास कॉक्सिडिया नांवाच्या सूक्ष्म जंतूंची बाधा होते व तीवर नेहमींचें जंताचें औषध चालत नाहीं. लेंडी दवाखान्यांत तपासून घ्यावी. खालची पापणी उलटून पाहण्याचीहि संवय ठेवावी. तांबूसपणा जाऊन ती पांढरी पडली असल्यास रक्त शोषणाऱ्या जंतांचा संशय घ्यावा.

दुसऱ्या आठवड्यापासून सुकविलेला लसूणघास, शेवरीचा वा हादग्याचा कोंवळा पाला चघळावयास टांगावा. चघळण्यानेंच पहिली कोठी वाढते.

बाहेरून आलेलें जनावर किमान तीन आठवडे आपल्या कळपापासून वेगळें बांधावें. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा सांथीचा रोग एका करडानें साऱ्या गोठ्यांत येऊं शकतो. करडूं तीन महिन्यांचें झाल्यावर त्याची लस टोंचून घ्यावी. ती सुमारें तीन वर्षें उपयोगी पडते.

महिनाअखेर वहींत ३ किलो ४०० ग्रॅम अशी नोंद पडली. एकूण खर्च नऊ-दहा लिटर दूध आणि पशुवैद्यांची एक फेरी. यंदा पौषांत तोच वाडा पुन्हां आला. आम्हीं म्हातारीस शेळी दाखविली व "तुमची आहे, न्या" असें म्हटलें. तिनें पापणी उलटून पाहिली, पाठीवर हात फिरविला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पहिलं करडू तेवढं आमचं." शेळी आतां गाभण आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तें देणें आम्हीं लिहून ठेविलें आहे.